डोंगरवाटेची सायकल आणि आपला मिस्त्री

सायकलचे दुकान हा आपल्या समाजातील अनेक घरांचा पिढीजात धंदा आहे. मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी असे एखादे दुकान सापडतेच. पाण्याचे घमेले, हवेचा पंप, भिंतीला टांगलेले टायर आणि ग्रीसने काळे झालेले हात, एवढ्या भांडवलावर या दुकानांनी घरे चालविली, मुलींची लग्ने केली, मुले शिकविली. एके काळी तासाच्या भाड्यावर सायकली देणे हेच मोठे उत्पन्न होते. पुढे घरोघरी मोटारसायकल आली आणि भाड्याची सायकल बंद पडली. काळ्या रंगाची बावीस इंची सायकल दूधवाल्यापुरती आणि मजुरापुरती उरली. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलससारख्या नामवंत कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला. ज्या दिवशी तो बंद झाला तो ३ जून, म्हणजे जागतिक सायकल दिन होता.

या परिस्थितीत आपल्या मिस्त्रींच्या मुलांनी दुकान सोडून पुणे, हैदराबाद किंवा आखाताची वाट धरली, तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु सायकल संपली असे म्हणणेही खरे नाही. सायकल बदलली आहे. शाळेच्या फाटकासमोर उभे राहून पाहावे. जाड टायर, सरळ हँडल, पुढे स्प्रिंगचा चिमटा, मागे गेअर, आणि आता चाकाच्या मध्यभागी डिस्क ब्रेक अशीच सायकल मुलाला हवी असते. हिला इंग्रजीत माउंटन बाइक म्हणतात, म्हणजे डोंगरवाटेची सायकल. रानातल्या पायवाटांवर, दगडगोट्यांतून, चढ-उतारावर चालविण्यासाठी ती निघाली. ती आपल्या गावात पोहोचली आहे, पण तिचा मिस्त्री अजून पोहोचलेला नाही. आमच्या मते आजच्या सायकल धंद्याचा सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि रोजीची संधीही त्यातच आहे.

कारखान्यात नव्हे, दुरुस्तीच्या बाकावर जन्म

या सायकलीचा इतिहास आपल्या कारागिरांना माहीत असावा म्हणून थोडक्यात देतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण १९३० आणि १९४० च्या काळातील जुन्या, जड, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येण्याच्या शर्यती लावू लागले. त्यांतील प्रसिद्ध शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झाली. सुमारे दोन मैलांत सुमारे तेराशे फुटांचा कच्चा उतार होता. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे मारले की तो लागे. एवढ्या उतारावर हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले.

ज्या खेळाच्या पहिल्या नामांकित शर्यतीला हब उघडून ग्रीस भरण्याच्या कामावरून नाव मिळाले, तो खेळ मिस्त्रीला परका कसा म्हणावा? पुढे गॅरी फिशर याने अशाच जुन्या सांगाड्याला गेअर बसविले आणि मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास नळ्या जोडून नवा सांगाडा तयार केला. टॉम रिची हा सांगाडे जोडणारा कारागीर होता. त्याच्याकडून सांगाडे घेऊन फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये ‘माउंटनबाइक्स’ नावाने लहानसा धंदा थाटला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली गाजलेली सायकल १९८१ ची, स्टम्पजम्पर नावाची. १९९० मध्ये या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान मिळाले. भंगारातल्या सायकलीपासून ऑलिम्पिकपर्यंत जेमतेम वीस वर्षे लागली. सुरुवात करणाऱ्यांकडे कारखाना नव्हता. पाने होते, वेल्डिंगचे सामान होते आणि मोडलेली वस्तू उघडून पाहण्याची सवय होती.

आपल्या देशातील उदाहरणही दूरचे नाही. फाळणीपूर्वी कमालिया या गावाहून आलेले मुंजाल बंधू आधी सायकलचे सुटे भाग विकत. लुधियान्यात त्यांनी भाग बनविण्यास सुरुवात केली, १९५६ मध्ये पूर्ण सायकलचा कारखाना काढला आणि १९८६ मध्ये सर्वाधिक सायकली बनविणारी कंपनी म्हणून तिची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. ही हिरो सायकल. तिच्या नावाची हकीकत मुंजाल घराण्याच्या इतिहासात सांगितलेली आहे. करीम दीन नावाचे मुस्लिम कारागीर सायकलच्या गाद्या ‘हिरो’ या नावाने विकत. फाळणीच्या वेळी ते पाकिस्तानात निघाले, तेव्हा मुंजालांनी त्यांच्याकडे ते नाव मागितले आणि त्यांनी ते दिले. आज लाखो सायकलींवर जे नाव आहे ते मुळात एका मुस्लिम गादी-कारागिराच्या मालावरचे होते, हे आपल्या किती दुकानदारांना ठाऊक आहे?

अहमदपूरची जमीन

आता आपल्या गावाकडे वळू. अहमदपूर हे लातूर-नांदेड राष्ट्रीय महामार्गावर साधारण मध्यावर, बालाघाटच्या डोंगररांगेच्या अंगावर वसलेले तालुक्याचे गाव. जंगलाच्या बाबतीत लातूर जिल्हा महाराष्ट्रात अगदी मागे आहे. त्यामुळे सह्याद्रीसारख्या घनदाट रानवाटा येथे नाहीत. जे आहे ते असे: मुरमाड माळरान, डोंगराच्या उतरणी, वन विभागाची लागवड, मन्याड नदीच्या खोऱ्यातील गाडीवाटा आणि शेतांमधून जाणारे पाणंद रस्ते. शेजारच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे, जे औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाते. खरे सागाचे रान पाहायचे तर नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरकडे जावे लागते.

सायकल चालविणाऱ्याला मात्र झाडांच्या गर्दीपेक्षा वाट महत्त्वाची असते, आणि वाट येथे भरपूर आहे. हीच वाट मिस्त्रीला काम देते. माळावर बाभूळ आणि बोरीचे काटे असतात, म्हणून पंक्चर ठरलेले. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटून चिमट्यात आणि ब्रेकमध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. उन्हाळ्यात बारीक धूळ चेनवरच्या तेलात मिसळते आणि चेन-फ्रीव्हील किसणीवर धरल्यासारखे झिजतात. मुरमाच्या दगडांवर आदळून रीम वाकते, आरे सैल होतात. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर जी सायकल वर्षभर तक्रार करत नाही, तीच आपल्याकडे दोन महिन्यांत दुकानाच्या दारात येते.

गिऱ्हाईक तीन प्रकारचे आहे. पहिला आणि सर्वांत मोठा वर्ग शाळा-कॉलेजच्या मुलांचा. त्यांच्याकडे स्वस्तातली गेअर सायकल असते. दुसरा वर्ग डॉक्टर, शिक्षक, व्यापारी यांचा. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासाठी ते पहाटे सायकल काढतात आणि त्यांची सायकल महाग असते. तिसरा वर्ग खरोखर डोंगरवाटेवर जाणाऱ्या हौशी तरुणांचा. तो तालुक्याच्या गावी बोटांवर मोजण्याइतकाच राहणार. म्हणून या खेळावर अवलंबून मोठे शोरूम थाटण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. कंपन्या आता घरपोच सायकल पाठवितात. त्यांच्या सवलतीशी आपण विक्रीत टक्कर देऊ शकत नाही. परंतु खोक्यातून आलेली सायकल जोडायची कोणी, आणि गेअर अडकला तर सोडवायचा कोणी? ते काम खोक्यातून येत नाही. विक्री कंपनीकडे गेली तरी दुरुस्ती गावातच राहते.

गेअर काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे

आपल्या अनेक दुकानांत आज काय चालते, ते स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुलगा गेअरची सायकल घेऊन येतो. चेन घसरते, गेअर खडखडतो. मिस्त्री चाचा सायकल उलटी करून पाहतात, गेअरचा सांगाडाच काढून टाकतात, चेन तोडून एका दात्यावर घट्ट बसवितात आणि म्हणतात, ‘‘आता कधीच बिघडणार नाही.’’ तात्पुरते काम होते. पण बापाने काही हजार रुपये ज्या गेअरसाठी मोजले, तो गेअर भंगारात जातो. पुढच्या वेळी तो बाप लातूरला किंवा नांदेडला जातो. गिऱ्हाईक असे हळूहळू तुटते. यात मिस्त्रीची नियत वाईट नसते, त्याला हे काम कोणी शिकविलेलेच नसते. पण ते शिकण्यास अवघड नाही. ज्याला आऱ्यांवर चाकाचा आउट काढता येतो, त्याच्या बोटांत यापेक्षा अवघड कसब आधीच आहे.

नव्याने शिकण्याच्या मुख्य गोष्टी पुढीलप्रमाणे.

पहिली गोष्ट गेअर. मागच्या गेअरला दोन लहान स्क्रू असतात. एक चेनला सर्वांत लहान दात्याबाहेर पडू देत नाही, दुसरा सर्वांत मोठ्या दात्यावरून आऱ्यांत जाऊ देत नाही. हे दोन स्क्रू आणि केबलचा ताण एवढ्यावर बहुतेक गेअर दुरुस्त होतात. तरीही चेन उड्या मारत असेल तर गेअर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी वाकलेली असते. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे सायकल पडली तर पट्टी वाकावी आणि सांगाडा वाचावा. अनेक सायकलींत ती सुटी बदलता येते.

दुसरी गोष्ट चेन. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते, म्हणजे चोवीस कड्यांचे बरोबर बारा इंच. एक फुटाची लोखंडी पट्टी लावून पाहा. शेवटची पिन बारा इंचांच्या रेघेवर असेल तर चेन चांगली. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलावी. आठवा भाग पुढे गेली असेल तर बहुधा दातेही झिजलेले असतात आणि नुसती नवी चेन टाकून उपयोग होत नाही. ही तपासणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करावी. मग त्याला पटवावे लागत नाही, पट्टीच सांगते.

तिसरी गोष्ट डिस्क ब्रेक. तबकडीला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये. लागला तर स्पिरिटने पुसावा. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक आपल्या मिस्त्रीला सहज जमतो. महाग सायकलींत मात्र तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असतो. त्यात एक चूक जिवावर बेतू शकते. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, तर दुसऱ्या काही कंपन्यांच्या अनेक ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट ऑइल असते. एकात दुसरे ओतले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. ब्रेकवर लिहिलेले वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

चौथी गोष्ट हवा आणि काटे. या सायकलींत बहुधा मोटारसायकलसारखा वाल असतो, महाग सायकलींत बारीक पितळी वाल असतो. दोन्हींना बसेल असा पंप ठेवावा. काट्यांसाठी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये पट्टी टाकता येते. ज्यांची रीम आणि टायर ट्यूबलेसचे आहेत त्यांच्या टायरमध्ये सीलंट ओततात. काटा निघाला की ते छिद्रात गोठून हवा अडविते. बाभळीच्या मुलखात गिऱ्हाईक ही सेवा आनंदाने घेते.

हत्यारे, भांडवल आणि हिशेब

यासाठी लागणारी हत्यारे फार नाहीत. अ‍ॅलन कीचा संच, चेनची पिन काढण्याचे हत्यार, फ्रीव्हील काढण्याची चावी, क्रँक ओढण्याचा पुलर, चांगला केबल कटर आणि सायकल टांगण्याचा स्टँड. स्टँड तर गावातील वेल्डर पाइपचा करून देतो. यासाठी व्याजाच्या दारात जाण्याची गरज नाही. एका महिन्यात एक हत्यार घेतले तरी वर्षात दुकान सजते. घरातील, मोहल्ल्यातील किंवा जमातीतील सुस्थितीत असलेल्या बांधवांनी कर्जे हसना म्हणून ही रक्कम दिली किंवा नफ्या-तोट्यात भागीदारी केली, तर एका कुटुंबाची रोजी उभी राहते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. लोहार, सुतार, शिंपी, चांभार त्यात आहेत, पण सायकल मिस्त्री नाही. तेव्हा त्या योजनेच्या भरवशावर थांबू नये, आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे या धंद्याच्या समावेशाची मागणी मात्र जरूर करावी.

हिशेब साधा मांडू. समजा महिन्यात वीस गेअर सायकली पूर्ण सर्व्हिसिंगसाठी आल्या आणि प्रत्येकीला तीनशे रुपये मजुरी मिळाली, तर सहा हजार रुपये होतात. केबल, ब्रेकचे गुटके, चेन, ट्यूब यांवरचा नफा वेगळा आणि पंक्चरचे रोजचे काम वेगळे. श्रीमंती येणार नाही, पण बंद पडत चाललेले दुकान सावरेल. कराच्या बाबतीत सांगायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सायकलच्या सुट्या भागांवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. जुन्या दराने घेतलेल्या मालाचे बिल आणि नव्या मालाचे बिल वेगळे ठेवावे, म्हणजे गिऱ्हाइकाला योग्य भाव देता येईल.

भाव पाटीवर लिहून ठेवावेत, ही आमची आग्रहाची सूचना आहे. गिऱ्हाईक पाहून मजुरी सांगण्याची सवय या धंद्याला घातक ठरली आहे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. जुनी सायकल विकताना तिचा दोष सांगून विकावा. सांगाड्याला वेल्डिंगचा जोड असेल तर तो रंगाखाली झाकू नये, कारण डोंगराच्या उतारावर तो जोड सुटला तर जीव जाऊ शकतो. मालातील ऐब लपविणे आपल्या दीनमध्ये फसवणूक मानले गेले आहे, आणि येथे ती फसवणूक केवळ पैशाची राहत नाही.

वाटेचा हक्क कोणाचा?

काही तरुण सायकली भाड्याने देऊन लोकांना माळावर आणि डोंगरावर नेण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे, पण तीन गोष्टी पाळाव्यात. वनक्षेत्रात शिरण्यापूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयाची परवानगी घ्यावी. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना घुसणे गुन्हा आहे, आणि अभयारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे निर्बंध आणखी कडक आहेत. पाणंद रस्त्याने जाताना शेतकऱ्याच्या उभ्या पिकात चाक जाऊ नये आणि उघडलेले फाटक पुन्हा लावावे. आणि हेल्मेटशिवाय सायकल भाड्याने देऊ नये. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी देऊ नये. रात्री-अपरात्री वाट चुकलेल्या मुलांना आडवाटेच्या वस्तीवरचे लोकच आधार देतात, तेव्हा त्या लोकांशी सलोखा हे या धंद्याचे खरे भांडवल आहे.

मुलाला दुकानात बसवायचे कसे?

अनेक जुन्या मिस्त्रींची खंत एकच असते की मुलाला हे काम कमीपणाचे वाटते. आम्ही त्या मुलांना एवढेच सांगू की हजरत दाऊद अलैहिस्सलाम हे पैगंबर होते, बादशहा होते, तरी हाताच्या कमाईवर जगत. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते चिलखते बनवीत, आणि त्या चिलखतांच्या कड्या मापात जोडण्याची ताकीद त्यांना होती. चेनच्या चोवीस कड्या पट्टीवर मोजणाऱ्या मिस्त्रीने स्वतःला हलके समजण्याचे काहीच कारण नाही.

बापाकडे चाकाचा आउट काढण्याचे, छर्रे बसविण्याचे, सांगाडा सरळ करण्याचे कसब आहे. मुलाला मोबाइलवर कंपनीची माहितीपुस्तिका वाचता येते, गिऱ्हाइकाला संदेश पाठवता येतो, लुधियान्याहून भाग मागवता येतो. दोघे एका बाकावर बसले तर दुकान चालते. वेगवेगळे झाले तर बापाचे कसब त्याच्याबरोबर जाते आणि मुलगा परगावी दुसऱ्याच्या दुकानात पाना धरतो.

अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार, उदगीर या पट्ट्यातील मिस्त्रींनी एकत्र येऊन महिन्यातून एक जुमा ठरवावा. नमाजनंतर दोन तास बसावे, ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला दाखवावे, आणि महागडी हत्यारे सामाईक घ्यावीत. एका दुकानाला न परवडणारे हत्यार पाच दुकानांना सहज परवडते. हौशी मंडळी डोंगरवाटेवर जावोत न जावोत, त्या वाटेसाठी बनलेली सायकल आपल्या मुलांच्या हाती आलेलीच आहे. ती नीट चालती ठेवणारा हात आपला असावा, आणि त्या कामात अल्लाह बरकत देवो.